रूम आहे हो, पण बाथरूमचं काय?

हॉटेलच्या पेजवर व्हीलचेअरचं ते निळं चिन्ह दिसलं की घरच्यांना वाटतं चला झालं काम, पण ते चिन्ह कोण कशाच्या जोरावर लावेल याचा काही नेम नाही. मेन गेटला रॅम्प असतो, लिफ्ट असते, रूमपण प्रशस्त, आणि बाथरूमच्या दारात चार बोटं उंबरठा! दारही एवढं अरुंद की खुर्चीची पुढची छोटी चाकं आत जातात आणि मागची मोठी चौकटीला अडकून बसतात.

फोन केला की उत्तर ठरलेलं, "काळजी करू नका सर, आमची मुलं उचलून नेतील." अहो पण रात्री दोन वाजता टॉयलेटला जायचं असेल तर मुलांना उठवू का मी? आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला तर साइटवर ॲक्सेसिबल (म्हणजे अपंगांसाठी सोयीची) रूम सिलेक्टच करता येत नाही, "कृपया फोन करा" म्हणे, आता काय बोलायचं यांना.

खरी चीड येते ती "स्पेशल रिक्वेस्ट"ची. बाकीच्यांनी डबल बेडची रूम घेतली की ती बुक झाली, आम्ही मात्र विनंती करायची, उरली तर मिळेल, आणि पोचल्यावर कळतं की ती सकाळीच दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली. अमेरिकेत एडीए म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली २०१२ पासून याला नियमच आहे, बाकीच्यांसारखंच आणि त्याच वेळेत बुकिंग करता आलं पाहिजे, सोयींची माहिती नीट दिली पाहिजे, त्या प्रकारच्या बाकी रूम्स भरेपर्यंत ॲक्सेसिबल रूम राखून ठेवायची आणि एकदा बुक झाली की तीच द्यायची, मग बुकिंग दुसऱ्या साइटवरून का केलेलं असेना. यात जगावेगळं काय आहे सांगा?

मी आता फोनच्या भानगडीत पडतच नाही, सरळ मेल करतो. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी (तिकडच्या नियमात ती किमान ३२ इंच आहे), शॉवरला पायरी आहे का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, आणि हीच रूम माझ्या नावावर ठेवलीय असं लेखी द्या. काहीजण उत्तरादाखल बेडवरच्या टॉवेलच्या हंसाचा फोटो पाठवतात, छान आहे हो हंस! पण दाराला मोजायची टेप लावून फोटो पाठवणारं हॉटेल मिळालं की मी आधी तिथली रूम पक्की करतो आणि मग सुट्टीच्या तारखा बघतो.