वांग्यातला जवळा

जुलैतली दुपार, बाहेर धो धो पाऊस. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी रिक्षातून उचलूनच आत आणलं. ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वासाला शिट्टी. वाटेत एका दवाखान्यात ॲव्हिलचं इंजेक्शन देऊन अर्धा तास बसवून ठेवलं होतं. त्या अर्ध्या तासात नाडी हाताला लागेनाशी झाली होती. ॲव्हिलने खाज कमी होते. मिटत चाललेला घसा उघडत नाही, उतरलेलं बीपी चढत नाही. ॲलर्जीचा असा तीव्र झटका आला की पहिलं औषध ॲड्रेनलिनच, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हे मी जिथे जाईन तिथे सांगते.

वजन २४ किलो, म्हणजे ॲड्रेनलिन ०.२४ मिली. सिस्टरने भरून दिलं, मी टोचलं. आडवं निजवून पाय वर घेतले, ऑक्सिजन लावला, सलाईन सोडलं. काही मिनिटांत शिट्टी विरली आणि ती "आई" म्हणाली. तोवर माझाच श्वास अडकलेला होता.

मग विचारपूस. "मासे खाल्ले का?" आजी ठामपणे म्हणाल्या, "नाय ओ मॅडम, वांग्याची भाजी दिली फक्त." मी भाजी मागवली. वडील डबा घेऊन आले. रश्शात वांग्याच्या बिया तरंगत होत्या, आणि त्यांच्यात मोहरीहून बारीक असे दोन काळे ठिपके, शेजारी शेजारी. बियांना डोळे नसतात. तो जवळा होता, कोळंबीच्या जातीचा इवलासा जीव.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे त्या दिवसांत घरोघरी सुकटीवरच भागतं. जवळ्याला कोणी 'मासे' म्हणत नाही, तो भाजीत चवीला पडतो. आजींनी तर नातीसाठी तो वेचून काढला होता! "कोळंबीने तोंड खाजतं म्हणायची, आम्हाला वाटलं नखरे करते. पण हा तर वाळलेला, भाजलेला, शिजलेला. त्यात काय उरलं असणार?"

उरतं. कोळंबी, जवळा, खेकडा यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, दोन धाग्यांना पीळ घालून वळलेल्या सुतळीसारखं. उकळलं तरी त्याची ॲलर्जी करायची ताकद जात नाही, आणि ते रश्शातही उतरतं. जवळा वेचला तरी रस्सा राहतोच. कोळंबीच्या ॲलर्जीमागे मुख्यतः हेच प्रथिन आहे हे १९९३ साली दाखवून देणाऱ्यांत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी होते. काम आपल्या देशात झालं, आणि आपल्याच किनाऱ्यावर ते पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

"पण बांगडा तर मिटक्या मारत खाते," आई म्हणाली. बरोबरच आहे. ट्रोपोमायोसिन बांगड्यात, कोंबडीत, आपल्यातही असतं. पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधलं ते आपल्या इतकं जवळचं की शरीर सहसा त्याच्यावर उठत नाही. माशांची ॲलर्जी बहुतेक वेळा पार्व्हाल्ब्युमिन या वेगळ्याच प्रथिनाची. उलट धुळीतले सूक्ष्म किडे आणि झुरळं यांचं ट्रोपोमायोसिन कोळंबीशी मिळतंजुळतं असतं. मुलीला रोज सकाळी शिंका येतात, हे आईने तेव्हा सांगितलं.

रात्रभर तिला ठेवून घेतलं, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीत कोळंबीची ॲलर्जी पक्की ठरली. तेव्हापासून मी नुसतं "मासे खाल्ले का" विचारत नाही. जवळा, सोडे, कोलीम, कोळंबी, खेकडा अशी एकेक नावं घेते.

ॲड्रेनलिनची मात्रा भरलेलं, घरीच टोचता येणारं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून घरी सोडताना अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फोडून सिरिंजमध्ये मात्रा कशी भरायची ते आईला शिकवलं, पाणी भरून मोसंब्यावर टोचायला लावलं. आजी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळाने पदराला हात पुसत पुढे आल्या. "ते मोसंबं माझ्याकडे द्या. दिवसभर ती माझ्यापाशीच असते."