तेरियाकीचा रस माशाला का धरत नाही?

‘तेरियाकी करतो, पण रस एक तर पाण्यासारखा खाली राहतो, नाही तर करपून कडू होतो. चुकतं कुठे?’ वारंवार विचारता, म्हणून जरा सविस्तर.

तेरियाकी म्हणजे गोडसर सोया सॉसच्या रसाने चकाकवलेला जपानी पदार्थ. जपानीत ‘तेरी’ म्हणजे चकाकी, ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. ही चकाकी शेवटी चढवायची असते. मासा तासभर सॉसमध्ये मुरवून थेट पॅनमध्ये टाकला, तर आतून शिजायच्या आत वरची साखर जळते. कडवटपणा तिथूनच येतो.

दीडशे ग्रॅमच्या दोन तुकड्यांना सोया सॉस, मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची वाइन) आणि साके (तांदळाची जपानी दारू) प्रत्येकी २ टेबलस्पून, साखर १ टेबलस्पून. साखर विरघळेपर्यंत आधीच ढवळून ठेवा. मिरीन नसेल तर साके २ टेबलस्पून वाढवा आणि साखर २ टीस्पून जास्त घाला. कॉर्नफ्लोअर मात्र नको. रस दाट होतो खरा, पण खळीसारखा.

जपानमध्ये यासाठी हिवाळ्यातली चरबीदार बुरी (यलोटेल मासा) लोकप्रिय. सॅमनही छान लागतो. तुकड्यांना मीठ लावून १५ मिनिटं ठेवा. वर जे पाणी सुटतं त्यातच वास असतो, ते कागदाने नीट टिपा. मग मैद्याचा अगदी पातळ थर लावून जादा झटका. रस धरतो तो या पिठाला.

थोड्या तेलात, मध्यम आचेवर, आधी कातडीची बाजू ३-४ मिनिटं, मग उलटून २ मिनिटं. आता पॅनमधलं तेल पुसून काढा. ही पायरी हमखास गाळली जाते, आणि तेलाच्या थरावरून रस घसरतो. रस न धरण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच.

रस ओता. सुरुवातीचे बुडबुडे बारीक, फेसाळ आणि घाईचे असतात. चमच्याने रस माशावर सोडत राहा. दीड-दोन मिनिटांत बुडबुडे मोठे, सुस्त होतात आणि पॅन कलता केला की रस सावकाश ओघळतो. हवा त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच गॅस बंद करा, निवताना तो आणखी दाटतो. फार आटलाच तर चमचाभर पाणी घालून हलवा, सुटतो. जळका वास आला असेल तर मात्र तो रस टाकून नवा करा; पाण्याने कडूपणा जात नाही.