अलेक्झांड्रिया नेमकं कोणाचं?

अलेक्झांड्रिया ग्रीक की इजिप्शियन, हे तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगतो. 'दोन्हींचा संगम' असं उत्तर मीही पूर्वी द्यायचो. आता देववत नाही.

जागेची निवड अचूक होती, यात वाद नाही. इ.स.पू. ३३१. नाईलचा गाळ किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे वाहतो, म्हणून सिकंदराने बंदर नदीच्या मुखांच्या पश्चिमेला घेतलं. पुढे फारोस बेटापर्यंत सात स्टेडियांचा, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपासचा बांध घातला आणि एकाची दोन बंदरं झाली. शहरात झरा नव्हता. कालव्याने आलेलं नाईलचं पाणी घराखालच्या टाक्यांत निवळायचं. हे सधनांचं. गरीब तेच पाणी गढूळ प्यायचे आणि आजारी पडायचे.

संगमाबद्दल बोलायचं तर इ.स. ३८ कडे बघा. तिथे फटके मारण्याची दोन साधनं होती. इजिप्शियन माणसाला चाबूक, अलेक्झांड्रियाच्या माणसाला चपटी पाती. शिक्षा तीच, पण अंगावर काय पडतं त्यावरून तुम्ही कोण ते ठरायचं. ज्यूंना तोवर पातीच मिळत असे. त्या वर्षी रोमन सुभेदार फ्लॅक्कसने त्यांना परके ठरवलं, जमावाने त्यांची घरं लुटली, आणि पाच पेठांच्या शहरात त्यांना एका पेठेच्या कोपऱ्यात कोंबलं. मग त्यांच्या ३८ वडीलधाऱ्यांना नाट्यगृहात उभं करून चाबकाने फोडलं. काही जण बाहेर नेताच दगावले. हे लिहून ठेवणारा फिलो स्वतः तिथला ज्यू. त्याचं दुःख फटक्यांचं आहेच, पण आपल्या प्रतिष्ठितांना इजिप्शियनांच्या पंगतीला बसवलं याचंही आहे. इजिप्शियन माणसाला चाबूकच का, हे तो विचारत नाही.

तीन वर्षांनी सम्राट क्लॉडियसचं पत्र आलं: ज्यूंनी आपले रिवाज पाळावेत, पण हे शहर त्यांचं नाही.

मग संगम खोटा का? तसंही म्हणता येत नाही. ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा ग्रीकमध्ये याच शहरात आला. ग्रीक रूपातला देव सेरापिस मूळचा इजिप्तच्या मेम्फिस शहरातला ओसिरिस-आपिस. हे घडलंच. पण इजिप्शियन लोक शहराला शेवटपर्यंत जुन्याच नावाने, राकोटी म्हणत राहिले, आणि रोमी कागदपत्रांत ते 'इजिप्तलगतचं अलेक्झांड्रिया' होतं. इजिप्तमधलं नव्हे.

इ.स. २१५ मध्ये काराकाला बादशहाने इजिप्शियनांना शहराबाहेर काढण्याचा हुकूम दिला. लिनन विणणाऱ्यांत खरे इजिप्शियन बोलीवरून ओळखा, असं त्यात लिहिलंय. सूट तिघांना: डुकरांचे व्यापारी, नदीतले नावाडी, आणि हमाम तापवायला बोरू आणणारे.