डुक्कर खाईल का?

चहाचा चोथा ओला की सुका, असं पुण्यात कुणी विचारलं तर घरचे त्याच्याकडे काळजीने बघतील. आत्ता गाळणीतून निघालाय, टिपं गळतायत, म्हणजे ओलाच की! दक्षिण कोरियातल्या सुवोनला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी तो ओल्या कचऱ्यात टाकायला निघाले, तर मागून एक आजी ओरडल्या, "आन्द्वेयो!" चालणार नाही.

नमस्काराच्या आधी मला पाठ झालेला कोरियन शब्द तो.

आमच्या इमारतीखाली ओल्या कचऱ्याचं एक यंत्र आहे. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, आत ओतलं की आकडा उमटतो. 640 ग्रॅम. त्याचे पैसे महिनाअखेरीस मेंटेनन्सच्या बिलात लागतात. पाण्याचंही वजन भरतं, त्यामुळे इथल्या बायका कचरा अगदी निथळून आणतात, आपण चक्का टांगतो तसा. उरलेला केर पालिकेच्या विकतच्या पिशवीतूनच टाकायचा. ही पद्धत 1995 पासून देशभर आहे. ज्याचा केर जास्त, त्याच्या पिशव्या जास्त आणि खर्चही जास्त. रस्त्यावर कचराकुंडी दिसणं मुश्कील. एकदा केळ्याचं साल पर्समध्ये घेऊन मी अख्खं सोल हिंडले होते.

तर चोथा. त्या आजींनी, म्हणजे आमच्या हालमोनींनी, माझ्या हातातली पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून न्यायनिवाडा सुरू केला. चोथा, आन्द्वेयो. अंड्याची टरफलं, आन्द्वेयो. कांद्याची सालं, लसणाची सालं, आन्द्वेयो. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी नाकाशी बोट नेलं आणि म्हणाल्या, "द्वेजी. कुल-कुल!" कोरियात डुकरं कुल-कुल असं ओरडतात, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं.

त्यातलं शास्त्र असं, की हा ओला कचरा नुसता पुरत नाहीत. 2005 पासून तो थेट जमिनीत पुरायला बंदी आहे. त्याचं जनावरांचं खाद्य होतं, खत होतं, बायोगॅस होतो. म्हणून ओला की सुका हा प्रश्नच गैरलागू. जनावर खाईल की नाही, एवढंच बघायचं.

आता हा नियम मराठी स्वयंपाकघराला लावून बघा. कलिंगडाची सालं चालतात, अननसाची चालत नाहीत. केळ्याचं साल चालतं. आंब्याची कोय नाही, नारळाची करवंटी तर नाहीच नाही. इथवर ठीक. पण परदेशी मालाच्या दुकानातून गोठवलेल्या शेवग्याच्या शेंगा आणून आमटी केली आणि पानाशेजारी चोखलेल्या चोथ्याचा ढीग झाला, तेव्हा मी हतबल झाले. पालिकेच्या यादीत शेवगा कुठून असणार? शेवटी मी स्वतःच डुकराच्या जागी बसून विचार केला. चोखून चोखून मीच जे टाकलं, ते त्याने का खावं? विकतच्या पिशवीत टाकलं.

उन्हाळ्यात दमटपणा असा असतो की ओला कचरा रात्रभरात वास मारतो. मग बरेच जण तो फ्रीजरमध्ये ठेवतात. मीही ठेवते, आईला सांगितलेलं नाही. एकदा मोदकांसाठी खवलेला नारळ त्याच कप्प्यात ठेवला होता. नवऱ्याने सारणासाठी पिशवी बाहेर काढली, बर्फ सुटू दिला, गूळ चिरून ठेवला आणि मग मला हाक मारली, "अगं, नारळात भोपळ्याची सालं कशी गं?" त्या वर्षी बाप्पा थोडक्यात वाचले.

सोलमध्ये हानुल पार्क नावाची एक टेकडी आहे. शरद ऋतूत तिथे चंदेरी तुऱ्यांचं गवत डोक्याच्या वर जातं, फोटोवाल्यांची झुंबड उडते. ती टेकडी म्हणजे निव्वळ कचरा आहे. 1978 ते 1993 अख्ख्या सोलचा केर नानजीदो नावाच्या त्या जागी पडत होता, त्याचे डोंगर झाले. मग माती टाकून, झाडं लावून 2002 मध्ये तिथे बाग उघडली. मी तिथे डबा घेऊन गेले होते. पोळीचा तुकडा खाली पडला, तर उचलून पर्समध्ये ठेवला. एवढ्या डोंगरात माझीच भर कशाला!

हालमोनी आता मला ओरडत नाहीत. यंत्रापाशी भेटलो की माझ्या आकड्यावर नजर टाकतात. आकडा लहान असला तर मान डोलावतात, मोठा असला तर विचारतात, "पाहुणे आले होते का?" खोटं बोलायची सोय नाही. ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं.

गेल्या मे महिन्यात पुण्याला गेले होते. आमरस झाला, कोयी माझ्या हातात, समोर ओल्याचा हिरवा डबा. हात तिथेच थांबला.

"अगं टाक ना, काय बघतेस?" आई म्हणाली.

"डुक्कर खाईल का, ते बघतेय."

आईने शांतपणे रसाची वाटी बाबांपुढून उचलली आणि आत नेली.