न टोचणारा निवडुंग

गच्चीवर येणारा पाहुणा त्या कुंडीपाशी हमखास अडखळतो. "हे खरं आहे?" असं विचारून बोट लावून बघतो, कारण बोटाला भीती वाटावी असं तिथे काहीच नसतं. मोदक वरून तळहाताने दाबावा तसा चपटा, राखी-हिरवा गोळा. बहुधा आठ कळ्या, फुलाच्या नव्हेत, मोदकासारख्या उभ्या, प्रत्येक कळीच्या मधोमध लोकरीच्या पुंजक्यांची सरळ रांग आणि अंगभर पांढरे बारीक ठिपके. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास, म्हणजे तारा निवडुंग, म्हणतात तो हाच. पाच कळ्यांचा, उभट, तोही बिनकाट्याचा दिसला तर त्याचा भाऊबंद मिरियोस्टिग्मा. वेडेवाकडे, लांब काटे असतील तर दुसरा भाऊबंद कॅप्रिकॉर्ने.

नर्सरीत मात्र ताऱ्याच्या नावावर काहीही खपतं. युफोर्बिया ओबेसा तर अगदी जुळ्या भावासारखी, तीही आठ कळ्यांची. पण ती दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशातली, आणि निवडुंगाच्या कुळातलीच नव्हे. ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. अर्थात पैसे देण्याआधी ओरखडा कोण काढू देणार? त्यापेक्षा लोकर शोधावी. ते पुंजके निवडुंगालाच असतात.

ॲस्टेरियासचं घर मेक्सिकोचा ईशान्य भाग आणि टेक्सासचं दक्षिण टोक. दुष्काळात तो आक्रसून जमिनीत इतका बसतो, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. एवढं लपूनही त्याच्या नशिबी भलताच घोळ आहे. त्याच माळावर पेयोटी नावाचा नशा आणणारा, बिनकाट्याचा निवडुंग उगवतो आणि तो गोळा करणारे चुकून यालाही कापून नेतात. शौकीन तर जाणूनबुजून उपटतात. अमेरिकेने 1993 साली त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. तेव्हा घ्यायचा तर बियांपासून वाढवलेलाच घ्यावा. तसे भरपूर मिळतात. जपान्यांनी तर निवड करत करत ठिपके इतके वाढवले, की त्यांचा 'सुपर काबुतो' जवळजवळ पांढराच दिसतो.

वाळवंटातला म्हणून मे महिन्याच्या उन्हात सरळ ठेवला, तर अंगावर कायमचा डाग पडतो. हिरवी जाळी हवीच. कुंडीत सिंडर (जळलेल्या कोळशाचे खडे), विटांचे तुकडे, जाड रेती, आणि माती नावापुरती. उन्हाळ्यात कुंडी तळापर्यंत सुकली की मगच पाणी, थंडीत जवळपास बंद. खरी परीक्षा पावसाळ्याची. वर प्लास्टिक, चारी बाजूंनी वारा, आणि घरातल्या प्रेमळ माणसांवर पहारा. "बिचारा सुकलाय," म्हणत कोणी तांब्याभर पाणी ओतलं, की मुळं कुजलीच.

फूल भर दुपारी उमलतं: पिवळं, आत लालसर. बी आठवड्याभरात रुजतं, पण धरायला झाडं दोन लागतात, कारण स्वतःचा पराग याला चालत नाही. मग फूल आलं की ओळखीत फोनाफोनी, "तुमचा उमललाय का?" होकार आला की खिशात रंगकामाचा बारीक ब्रश घालून, ऐन उन्हात, स्कूटर काढायची.