मंडळीची मोडी वही

मोडी वाचून देणं हे माझं काम. बेळगावात माझ्याकडे माणसं येतात ती बहुतेक वाटणीपत्रं, खरेदीखतं, इनामाचे कागद घेऊन. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून चंदगड-गडहिंग्लजकडूनही पिशव्या भरभरून कागद येतात. गेल्या आषाढात खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आजोबा आणि त्यांची नात आले आणि "मंडळीची वही वाचायची हाय" म्हणाले, तेव्हा मला आधी भजनी मंडळ वाटलं.

मंडळी म्हणजे ख्रिस्ती मंडळी. चौदा घरांची. आजोबा तिथले वडील, म्हणजे मंडळीचं बघणाऱ्यांपैकी एक. नात बी.कॉम. करते आणि रविवारी उपासनेला कीबोर्ड वाजवते. मंडळीचा इतिहास मराठी आणि कानडीत छापायचा त्यांच्या मनात होतं, पण जो काही इतिहास लिहिलेला होता तो सगळा मोडीत. मोबाइलवर तीन पानांचे फोटो दाखवले. अक्षर इतकं सुरेख, की मी वही ठेवून जा म्हणालो. आजोबांनी मान हलवली. "वही गावाबाहेर जात नाही सर. तुम्हीच यायला पायजे."

शनिवारी पावसातच निघालो. बेळगाव शहरातल्या मिशनची गोष्ट मला वाचून माहीत होती. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथे आले, शाळा निघाल्या, पुढे १९०४ साली त्या मिशनने इथलं काम मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनकडे सोपवलं. मराठीतले सुरुवातीचे कादंबरीकार बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्माही इथेच घेतला. हे सगळं शहराचं. खेड्यातल्या मंडळ्यांना अशा इतिहासात एखादी ओळ मिळते, तीही साहेबाच्या दौऱ्याच्या निमित्ताने. त्या दिवशी माझ्या हातात जे येणार होतं ते आतल्या माणसाने लिहिलेलं होतं, आणि त्याची मला खरोखर ओढ लागली होती.

प्रार्थनाघर कौलारू, दोन खणांचं. एका भिंतीवर मराठी वचन, समोरच्या भिंतीवर कानडी. दारात छत्र्या आणि चपलांचा ढीग. मला वाटलं होतं टेबलाशी एकट्याने बसेन. पण बाया, पोरं, म्हातारी माणसं सगळी सतरंजीवर येऊन बसली होती. "सलाम" म्हणत एकेकाने हात जोडले. आजोबांनी पेटी उघडली. डांबरगोळ्या, वाळलेला कडुलिंबाचा पाला, आणि मांजरपाटात गुंडाळलेली वही.

वहीला दोन तोंडं होती. एका बाजूने बाप्तिस्म्याची यादी आणि मंडळीचे ठराव. वही उलटी करून मागून उघडली की दानाचा हिशेब. लिहिणारा उपदेशक असावा, शाळाही तोच चालवत असावा. ठरावाखाली नुसतं "दस्तुर खुद्द". नाव कुठेच नाही.

मोडीत ओळ आधी आखतात आणि हात न उचलता तिच्याखाली लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. पहिल्याच पानावर "सुत अर्पण केले" असं आलं. शास्त्राच्या भाषेत लिहिणारा माणूस, म्हणून मी मुलगा सेवेला दिला असा अर्थ लावू लागलो. मागून एक आज्जी म्हणाल्या, "सूत हो सर, सूत. पैसे कुठले? सूत काढून द्यायचे." बरोबर होतं. पुढे वजनही लिहिलेलं होतं.

मग जागेचा हिशेब आला. ही जागा साहेबाने दिली असंच गावात सगळे ऐकत आले होते. वहीत साहेबाचा एक पैसा नव्हता. "जागेबद्दल पाटलास" अशा सात नोंदी, चार वर्षांत पसरलेल्या, कुठे दोन रुपये, कुठे बारा आणे. एका नोंदीपुढे "तांब्याची घागर मोडून". मी ते वाचल्यावर बसलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. "कुणाची घागर?" नाव लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मला तीनदा नीट बघायला लावलं, आणि मीही तीनदा बघितलं.

दुपारचं जेवण झालं. तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी. पुन्हा बसलो ते ठरावांवर. लग्नं, मयती, शाळेचं छप्पर. आणि एका पानावर मी थांबलो.

मजकूर असा: "यल्लवा हिचे मुलास देवी आल्या. सबब सौंदत्तीस जाऊन नवस केला. मंडळीस कळोन विचारिता कबूल जाली. सबब प्रभुभोजनास बंद." प्रभुभोजन म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. त्याला बंद म्हणजे मंडळीबाहेरच.

बाप्तिस्म्याच्या यादीत सकाळीच वाचलं होतं, "यल्लवा, नवे नाव सारा", आणि आजोबा तेव्हा आनंदाने म्हणाले होते, "ही माझी आज्जी." माझ्या टेबलाशी मी काहीही वाचून दाखवतो, भावाभावांतली फसवणूक वाचली आहे, नाकबूल केलेली मुलं वाचली आहेत. तिथे समोर एकटा माणूस असतो. इथे चौदा घरं बसली होती. मी वाकून हळूच म्हणालो, "काका, हे पान आपण घरी बसून वाचू या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे. "वाचा की सर. इतकी वर्सं पेटीत ऱ्हायलं तेवढं बास."

मी वाचलं. कोणी बोललं नाही. नातीनेच विचारलं, "देवी आल्या म्हणजे?" तिच्या पिढीला तो शब्द माहीत असायचं कारण नाही. मी सांगितलं, देवी म्हणजे देवीचा रोग, अंगभर फोड उठायचे, पोरं पटापटा जायची. आजोबांनी स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. "माझ्या बाच्या तोंडावर वण होते. त्योच की ह्यो मुलगा." थोडं थांबून म्हणाले, "यल्लम्माला नेलं होतं हे कधी बोलली न्हाई आज्जी. दगडावर सारा कोरलंय आम्ही."

चार पानांनंतर ठराव होता, "सारा हीस मंडळीत परत घेतली." मधे अकरा महिने. बंद करताना यल्लवा आणि घेताना सारा, हे लिहिणाऱ्याने जाणून केलं असावं असं मला वाटतं.

दोन तारखा हाती आल्या की त्या दुसऱ्या कागदाशी ताडून बघायच्या, ही कामाची सवय. मी वही उलटी केली आणि हिशेबात तेच अकरा महिने काढले. त्या भागात मुठीचे तांदूळ लिहिलेले असत. रोज चूल पेटवताना प्रत्येक घराने एक मूठ बाजूला काढायची, रविवारी आणून द्यायची. घरवार नावं, पुढे माप. मला वाटलं होतं तिचं नाव गाळलेलं सापडेल.

नाव होतं. बंदीनंतरच्या पहिल्याच रविवारी, "यल्लवा, तांदूळ एक चिपटे". पुढच्या रविवारीही. त्याच हाताने, त्याच शाईने, इतर घरांच्या ओळीत. मी बोट ठेवून एकेक ओळ आजोबांना दाखवत गेलो. मोडी त्यांना येत नाही, पण दोनचार ओळींनंतर ते नाव त्यांना आकारावरून ओळखू येऊ लागलं आणि माझ्याआधी त्यांचंच बोट पुढे जाऊ लागलं.

"आत यायला बंदी, मग तांदूळ कुठं द्यायची?" नातीने विचारलं. कोणीतरी दाराकडे बघितलं. मग सगळ्यांनीच.

आजोबा म्हणाले, "मोजा."

रविवार ४७ होते. तिचं नाव ४५ वेळा. उरलेले दोन कोरे. आजोबांचं बोट त्या कोऱ्या जागेवर थांबलं. मी वही खिडकीच्या उजेडाला धरली. समासात बारीक अक्षर होतं, दोन्ही ठिकाणी एकच:

"नदिस पुर. उपासना नाही. कोणी आले नाही."