एकटीची फोडणी

सोमवार, रात्री

पाऊस सकाळपासून लागून राहिलाय. संध्याकाळी भाचीचा निरोप आला. "मावशी, खोलीवर यायला नऊ वाजतात. पोळी-भाजी करायचं त्राण नसतं. लवकर होईल आणि जेवल्यासारखं वाटेल असं काहीतरी सांग ना." पोरगी पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागली आहे. खोलीवर इंडक्शनची एक शेगडी, एक कढई आणि एक छोटा कुकर. इकडे हेही महिनाभर कामासाठी नागपूरला गेलेत. म्हणजे सध्या आम्ही दोघी एकेकट्याच जेवतोय, ती तिकडे आणि मी इथे सांगलीत.

एकट्या बाईच्या ताटाचं काय होतं ते मी घरात आणि शेजारात खूप पाहिलंय. "माझ्या एकटीसाठी कुठे शेगडी पेटवू" म्हणत चहाबरोबर दोन टोस्ट, नाहीतर सकाळची गार भाजी, तीही ओट्याशी उभ्यानेच. त्याच बाईकडे चार पाहुणे आले तर कोशिंबिरीलासुद्धा वरून फोडणी पडते. मला हे कधीच पटलेलं नाही. मोहरी तडतडायला लागायचा तेवढाच वेळ लागतो, खाणारं एक असो की दहा.

म्हणून तिला पहिलं लिहून पाठवलं ते पिठलं, एका माणसाचं. अर्धी वाटी बेसन आणि दीड वाटी पाणी. जुन्या बायका उकळत्या पाण्यात पीठ वैरतात, एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्याने घोटायचं. नव्या हाताला ते जमायला वेळ लागतो, म्हणून सांगितलं की पीठ आधी गार पाण्यात कालव, मोडायच्या त्या गुठळ्या तिथेच मोड. कढईत फोडणी, त्यात बारीक चिरलेला कांदा गुलाबी होऊ दे, मग मीठ आणि हे कालवलेलं पीठ. उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. घट्ट झालं की आच कमी करून पाच मिनिटं झाकण. कच्च्या पिठाचा वास गेला आणि वर चकाकी आली की झालं. वरून कोथिंबीर. भात मात्र आल्या आल्या, हातपाय धुवायच्या आधी कुकरला लावायचा. ती कपडे बदलून येईपर्यंत शिट्ट्या होतात.

मंगळवार

तिचा पुढचा प्रश्न अगदी योग्य होता. "फोडणी झाली हे कसं कळतं? व्हिडिओत सगळं एकदम टाकतात."

खरं तर साध्या जेवणाची सगळी चव इथे आहे, म्हणून सावकाश लिहिलं. कढई आधी तापू दे, मग तेल. तेलात मोहरीचा एक दाणा टाक. तो लगेच वर येऊन फुटला तर तेल तयार. मग बाकीची मोहरी. ती पूर्ण तडतडून आवाज ओसरेपर्यंत दुसरं काही घालायचं नाही, न फुटलेली मोहरी जेवताना दाताखाली कडवट लागते. आवाज कमी झाला की जिरं. जिरं फुललं की ठेचलेला लसूण. त्याच्या कडा तांबूस दिसायला लागल्या की मिरची, कढीपत्ता, हिंग. हळद सगळ्यांच्या शेवटी, आणि तिच्यापाठोपाठ लगेच कांदा किंवा पाणी. हळद करपायला क्षण पुरतो आणि करपली की अख्खा पदार्थ कडू होतो. तरी ती पडायला तेलातच हवी. तिचा रंग तेलात जसा उतरतो तसा पाण्यात उतरत नाही. नुसत्या पाण्यात उकळलेलं हळदीचं वरण फिकट दिसतं ते त्यामुळे.

हळदीबद्दल मी जरा जास्तच लिहिलं असेल, पण हळदपेठेच्या गावात राहून तिच्याबद्दल थोडक्यात कसं लिहायचं? इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लहानपणी हरिपूरच्या बाजूला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केलं की आत हवा नाही आणि कीडही नाही. त्या बाजूला गेलं की मातीचा आणि हळदीचा मिळून एक वास यायचा. भाचीला सांगितलंय, सुट्टीला आलीस की जाताना इथलीच हळद घेऊन जा. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पुरते.

बुधवार

दहा वाजता फोटो आला. पिठलं, भात, बाजूला फोडलेला कांदा. ताट मांडीवर घेऊन बसून जेवली. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं, "मावशी, खोलीला घराचा वास आला." मी दोनदा वाचलं.

गुरुवार

आज स्वतःसाठी हुलग्याचे शेंगोळे केले. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच आमचा हुलगा. आषाढ संपत आला, श्रावण लागला की आमच्याकडे कांदा-लसूण बंद होतो, आणि लसणाशिवाय शेंगोळे म्हणजे काहीच नाही.

माझी आजी जतकडची. आमचा जिल्हा विचित्र आहे, पश्चिमेला कृष्णेच्या काठाला महापुराची धास्ती आणि पूर्वेला जतच्या माळावर पावसाची वाट पाहायची. हलक्या जमिनीत, कमी पावसात जे तग धरतं त्यात हुलगा आहे, त्यामुळे आजीच्या घरी तो डब्यात कायम असायचा. दुसरी भाजी नसली, बाजार लांब असला, कोणाला सर्दी-पडसं झालं की शेंगोळे. भाकरी वेगळी नको, कालवण वेगळं नको, एकाच पातेल्यात सगळं जेवण. मला तर वाटतं, एका शेगडीवर राहणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा चांगला पदार्थ कोणी अजून काढलेला नाही.

एका माणसाला, थोडं सकाळी उरेल इतकं, असं प्रमाण लिहून ठेवते. एक वाटी हुलग्याचं पीठ, पाव वाटी कणीक. हुलग्याला चिकटपणा कमी, नुसत्या त्याचे वळले तर उकळताना तुटतात, म्हणून कणीक. सात-आठ लसणाच्या पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, जिरं आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात ठेचायची. मिक्सर नको, त्यात लसणाचं पाणी होतं. या वाटणाचे दोन भाग करायचे. एक भाग पिठात, बरोबर मीठ, हळद, चुरडलेला ओवा आणि चमचाभर तेल. पाणी बेताबेताने घालत पुरीच्या पिठाहून थोडं सैल मळायचं. हाताला तेल लावून करंगळीएवढे लांब वळायचे आणि दोन्ही टोकं जुळवून कडी करायची. आजी कडी करायची नाही, नुसत्या शेंगा वळायची. शिजायला दोन्हीला तेवढाच वेळ.

पातेल्यात तेल जरा सढळ हाताने. मोहरी, जिरं, मग वाटणाचा उरलेला भाग. लसणाचा वास पार शेजारच्या जिन्यापर्यंत गेला पाहिजे. हळद, हवं तर चमचाभर कांदा-लसूण मसाला, आणि लगेच चार वाट्या पाणी, मीठ. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय एकही शेंगोळा आत सोडायचा नाही, गार पाण्यात ते विरघळतात. एकेक करून सोडायचे आणि पहिली पाच मिनिटं चमचा लांब ठेवायचा. वरून पक्के झाले की मग हलक्या हाताने हलवायचं. परातीला चिकटलेलं पीठ पाण्याने धुवून तेच पाणी आत ओतायचं, त्याने रस दाट होतो. मंद आचेवर वीसेक मिनिटं. एक काढून मधोमध तोडून पाहायचा, आत कोरडं पीठ दिसलं नाही की उतरवायचं.

वाढताना वर कच्च्या तेलाची धार आणि लिंबू. आधी नुसता रस प्यायचा, घशातून खाली जाताना तो कळतो. मग शेंगोळे. बाहेर धो धो पाऊस होता, मी दार लोटलं, पाट मांडला, ताट-वाटी-भांडं नीट घेतलं आणि जेवले. सकाळी उरलेले तव्यावर परतून खाल्ले तर तेही चांगले लागतात, कडेने खरपूस होतात.

शुक्रवार

दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच, आयर्विनला पाणी किती. १९२९ साली कृष्णेवर बांधलेला हा पूल म्हणजे आमच्या गावाची मोजपट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आज त्याच्या बरंच खाली आहे, कोयना धरणातून किती सोडतात त्यावर पुढचं. तरी मन आपोआप २०१९च्या ऑगस्टकडे जातं. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

आमचं घर उंचावर असल्याने नदीकाठच्या भागातले ओळखीचे बरेच जण आमच्याकडे राहायला आले होते. भिजलेली, गप्प झालेली माणसं. घरात तांदूळ आणि मुगाची डाळ होती, भाजी मिळत नव्हती. मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. दोन भाग तांदूळ, एक भाग डाळ, हळद, हिंग, मिरी, आणि पाणी नेहमीपेक्षा दुप्पट, म्हणजे मऊसर होते आणि पुरवठ्याला येते. वरून तुपाची फोडणी. एक आजीबाई सकाळपासून पाण्याच्या घोटाशिवाय काही घ्यायला तयार नव्हत्या. त्यांच्यापुढे थाळी ठेवली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "लसणाची चटणी आहे का गं?" मी पळतच आत गेले. सुकं खोबरं भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून कुटलेली चटणी बरणीत होती. त्यांनी चिमूटभर चटणी खिचडीत कालवली आणि सगळी थाळी संपवली.

सगळं पाण्यात गेलेलं असताना त्यांना त्यांच्या जिभेची चव आठवली, याचं मला तेव्हाही फार बरं वाटलं होतं. माणूस सावरायला लागल्याची ती पहिली खूण होती. तेव्हापासून ही चटणी मी कधी संपू देत नाही. भाचीलाही तिचं प्रमाण पाठवलं, एक वाटी किसलेल्या खोबऱ्याला पंधरा-वीस पाकळ्या. खोबरं मंद आचेवर बदामी रंगावर भाजायचं, पूर्ण गार झाल्यावरच कुटायचं.

शनिवार

ह्यांचा नागपूरहून फोन. काय जेवलीस विचारलं. टोमॅटोचं सार आणि भात, सांगितलं. "एकटीसाठी सार केलंस?" म्हणाले. हो, केलं. नारळाच्या दुधाचं.

रविवार

आज भाचीला सुट्टी, म्हणून आमटी शिकवली, फोन ओट्यावर ठेवून. तिने तूरडाळ, टोमॅटो, चिंच सगळं एकत्र कुकरला लावायला घेतलं होतं. मी थांबवलं. आंबट आधी पडलं की डाळ लवकर मऊ होत नाही, कितीही शिट्ट्या करा, दाणा दाणा राहतो. पाव वाटी डाळ, हळद, हिंग, दोन थेंब तेल, एवढंच कुकरला. शिजली की गरम असतानाच घोटायची. मग फोडणी, त्यात डाळ, पाणी, चिंचेचा कोळ, त्याच्या अंदाजाने गूळ, मीठ, एक चमचा गोडा मसाला. चिंच नसली तर दोन-तीन आमसुलं. उकळी फुटली की पाच मिनिटं थांबायचं, चिंचेचा कच्चेपणा गेला पाहिजे. मग चव घ्यायची. आंबट आधी, गोड मागाहून आणि तिखट शेवटी घशाशी लागलं पाहिजे. गूळ जास्त वाटला तर चिंच वाढवू नये, चिमूटभर मीठ घालून आधी पाहावं, पुष्कळदा तेवढ्यानेच जुळतं.

तिने चव घेतली आणि काहीच बोलली नाही, सरळ भात वाढून घेतला. फोन तसाच चालू होता. मीही इकडे माझं ताट आणलं. आमच्या गप्पा जेवण झाल्यावर सुरू झाल्या.

मग म्हणाली, "मावशी, काही दिवस अगदीच काही करवत नाही गं. फोडणीसुद्धा." खरं आहे, असे दिवस असतात, त्यांच्यासाठी मेतकूट आहे. मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाची फोड, बास. दुपारी तेच करायला घेतलं. एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडदाची डाळ, दोन चमचे गहू, दोन चमचे धने, एक चमचा जिरं, अर्धा अर्धा चमचा मोहरी आणि मेथ्या. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा, मंद आचेवर, कारण डाळ भाजेपर्यंत मेथ्या जळून जातात. हरभऱ्याची डाळ तांबूस होऊन खमंग वास सुटेपर्यंत हलवत राहायचं, यात घाई केली तर मेतकूट कच्चट लागतं. दळताना सुंठ, हळद आणि हिंग.

सगळं भाजून परातीत पसरून ठेवलंय. उद्या गिरणीतून दळून आणायचं, भरपूर भरलं तरी डबा तीन-चार महिने टिकतो. परवा शेजारचे काका पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर मेतकूट, लसणाची चटणी आणि हळदीची पुडी देते. तूप तिने तिथेच घ्यायचं, लोणकढं मिळालं तर तेच.